सहा जनावरे आणि एक खुंटा
(प्रस्तावना)

सकाळी सव्वासहाला पेडण्यातल्या आमच्या सोप्यावर आम्ही सातआठ जण डोळे मिटून बसतो. पहिली पाच मिनिटे बरी जातात. मग खालच्या वळणावर पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजतो, पों-पों, आणि सोप्यावरची सगळी मने उठून फाटकाशी जाऊन उभी राहतात. शरीरे जागच्या जागी असतात. पण आज उंडे घ्यायचे की पोळ्या, सुटे पैसे आहेत का, कालचे दोन पाव उरलेत त्यांचे काय करायचे, इथवर हिशेब झालेला असतो. पावावरून मन मासळीवर जाते, मासळीवरून बाजारावर, बाजारात गेल्या आठवड्यात तोंड फिरवून गेलेल्या मेहुण्यावर, आणि मेहुण्यावरून तीस वर्षांपूर्वीच्या वाटणीवर. भोंगा विरून दहा मिनिटे झालेली असतात. वाटणीचे भांडण मात्र ऐन रंगात आलेले असते. बैठक संपली की प्रत्येकाचे गाऱ्हाणे एकच, "मन बसत नाही."

हे गाऱ्हाणे मी काही वर्षे ऐकतो आहे. महिन्यातून दोनदा डिचोलीला बसतो तिथेही तेच. पेडण्यात आता मोप्याच्या विमानतळावरच्या विमानांची भर पडली आहे (जानेवारी २०२३ पासून ती आमच्या डोक्यावरून जातात), डिचोलीत रस्त्यावरच्या ट्रकांची. गाऱ्हाण्याचे मूळ ट्रकात किंवा विमानात नाही हे सगळ्यांनाच कळते, पण कळून उपयोग होत नाही. म्हणून बुद्धाच्या उपदेशात या भरकटण्याबद्दल नेमके काय सांगितले आहे ते मी बैठकीनंतर चहाच्या वेळी थोडे थोडे सांगत गेलो. ऐकणाऱ्यांपैकी एकीने ते वहीत उतरवून घेतले. ती वही फिरत फिरत फाटायला आली तेव्हा छापावी असे ठरले. ही पुस्तिका म्हणजे तीच वही, थोडी झाडूनपुसून.

आधी एक जुने ऋण सांगितले पाहिजे. ध्यान म्हटले की आमच्याकडे दोनच चित्रे डोळ्यांपुढे येतात. एक, हरमल-मांद्रेच्या वाळूत चटई पसरून बसलेले परदेशी पाहुणे. दुसरे, इगतपुरी. सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले, त्यांनी शिबिरे सुरू केली आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर ती नियमित होऊ लागली. आमच्यातले तिघेचौघे तिथे दहा दिवस मौनात राहून आले आहेत. पहिले तीन दिवस नुसत्या श्वासावर जातात हे ते हसत सांगतात, आणि त्या तीन दिवसांत किती वेळा पळून यावेसे वाटले तेही.

पण गोयंका येण्याच्या चव्वेचाळीस वर्षे आधी, १९२५ साली, मराठीत एक लहानसे पुस्तक निघाले होते, 'समाधिमार्ग'. लेखक धर्मानंद कोसंबी. जन्म १८७६, गाव सांकवाळ, म्हणजे आपलाच गोवा. घरची नारळाची बागायत, शाळेचे शिक्षण जेमतेम. 'बालबोध' मासिकात बुद्धावरचा लेख वाचला आणि या तरुणाचे चित्त घरात लागेना. १८९९च्या अखेरीस त्याने घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, गया असे करत १९०२ मध्ये तो श्रीलंकेत पोहोचला आणि तिथे पाली शिकला. पुढे ब्रह्मदेशात सगाईंगच्या डोंगरातल्या गुहेत ज्ञानतिलोक या जर्मन भिक्षूसोबत त्याने ध्यानाचा अभ्यास केला. हार्वर्डमध्ये 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीवर कित्येक वर्षे खर्ची घातली. ती आवृत्ती छापून निघाली १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. देवनागरी आवृत्ती मात्र १९४० मध्ये, त्यांच्या हयातीत निघाली.

'विसुद्धिमग्ग' हा बुद्धघोषाचा, पाचव्या शतकात श्रीलंकेतल्या अनुराधपुरात लिहिलेला ग्रंथ. चित्त एकाग्र करण्याची चाळीस कर्मस्थाने त्यात सांगितली आहेत. कर्मस्थान म्हणजे मनाला दिलेले काम, मनाची कामावरची जागा. कोसंबींनी हा प्रचंड पसारा 'समाधिमार्गा'त साध्या मराठीत आणला. पांडित्य दाखवायला भरपूर वाव असताना त्यांनी ते दाखवले नाही, हे मला त्या पुस्तकाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते. तरी ते फारसे वाचले गेले नाही. नावाचाही दोष असेल. मराठीत समाधी घेतली म्हणजे माणूस गेला, आणि समाधीला गेलो म्हणजे फुले वाहायला गेलो. अशा भाषेत 'समाधिमार्ग' हे नाव ऐकून कोण दुकानाची पायरी चढेल? त्यांची 'निवेदन' आणि 'भगवान बुद्ध' ही पुस्तके लोकांना माहीत आहेत, हे मागेच राहिले. ही पुस्तिका त्याला पर्याय नाही. कुणी तिच्यावरून त्या पुस्तकाकडे वळले तर मला आनंद होईल.

आणखी एक प्रश्न नेहमी येतो तो इथेच संपवतो: आपल्या भागात बौद्ध होते का? डिचोलीला लागून असलेल्या लामगावात जांभ्यात कोरलेली लेणी आहेत आणि ती मुळात बौद्ध असावीत असे अभ्यासक मानतात. शापोरा नदीच्या पलीकडे, आमच्या पेडण्यासमोरच्या कोलवाळात, मुशीर वाड्यावर १९३० साली फादर हेन्री हेरास यांना बुद्धाची मूर्ती मिळाली. ती आता मुंबईला, सेंट झेवियर्स कॉलेजातल्या हेरास संस्थेच्या संग्रहालयात आहे. एवढे पुरे. यावरून 'आमचा गोवा म्हणजे बौद्धांचे माहेर' असले भाषण ठोकायची गरज नाही. लामगावच्या लेण्यात पाऊण तास बसून पाहा. डास चावतात आणि मन तिथेही मेहुण्याकडेच जाते.

जागेवरून आठवले. शांत जागा मिळाली तर ध्यान लागेल, ही समजूत आमच्या किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांची खास, पण आमचीही आहेच. बुद्धाची सेवा करणारा मेघिय नावाचा एक भिक्षू होता. भिक्षा आटोपून येताना त्याला नदीकाठी सुंदर आमराई दिसली. इथेच बसावे असे त्याला वाटले. बुद्ध म्हणाला, थांब, सध्या मी एकटा आहे, दुसरा कुणी येईपर्यंत राहा. मेघियाने तीनदा विचारले आणि शेवटी गेलाच. आमराई छान, सावली छान, नदी छान. आणि बसल्याबरोबर मनात वासनेचे, रागाचे, दुसऱ्याला इजा करण्याचे विचार असे दाटले की तो चक्रावून परत आला. बुद्धाने त्याला आमराईबद्दल एक शब्द विचारला नाही. चांगली संगत धर, वागणे नीट ठेव, मनाला उभारी देणारे बोलणे ऐक, मेहनत कर, उत्पत्ती-नाश पाहणारी दृष्टी वाढव, असे सांगितले. विचारांची साखळी तोडायला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितले, रागावर मैत्रीभाव सांगितला. पाचात पहिला मान संगतीचा आहे हे मला फार महत्त्वाचे वाटते. सोप्यावर सातआठ जणांनी मिळून भरकटणे हे घरात एकट्याने भरकटण्यापेक्षा पुष्कळ बरे.

आता मुख्य गोष्ट. मन भरकटले की काय करायचे? आपल्याला एकच उपाय सुचतो, जबरदस्ती. दात आवळायचे, कपाळाला आठ्या घालायच्या आणि मनाला ओढून आणायचे. गंमत अशी की मज्झिम निकायातल्या विसाव्या सुत्तात, वितक्कसंठान सुत्तात, बुद्धाने हाही उपाय सांगितला आहे: दातावर दात दाबून, जीभ टाळूला लावून, बलवान माणूस दुर्बलाला मानगुटीला धरून दाबतो तसे चित्ताने चित्ताला दाबावे. पण हा पाचवा उपाय आहे, अगदी शेवटचा. त्याआधीचे चार वापरून झाले आणि तरी जमले नाही तर. आपण सगळे थेट पाचव्यापासून सुरुवात करतो, थकतो, आणि हे आपल्याला जमणारे नाही म्हणून सोडून देतो.

पहिला उपाय सुताराचा. जाड खुंटी रुतून बसली असेल तर कसबी सुतार बारीक खुंटी ठोकून तिला बाहेर काढतो. हे वाचताना नुसता दृष्टान्त वाटला होता. मग आमच्या जुन्या घराच्या फणसाच्या लाकडाच्या दाराची चौकट काढायची वेळ आली. जुनी खुंटी पावसाने फुगून अशी बसलेली की पकडीने धरायला डोकेच नव्हते. सुताराने हातोडा आपटला नाही. त्याने खिशातून बोटाएवढी, टोकाला निमुळती केलेली काठी काढली, जुन्या खुंटीच्या मागच्या तोंडावर टेकवली आणि हलकेच टक, टक, टक केले. पाचव्या-सहाव्या ठोक्याला जुनी खुंटी पुढच्या बाजूने केसभर बाहेर आली. मग थोडी आणखी. मी विचारले, जोरात का नाही मारत? तो म्हणाला, "जोरात मारली तर ही आतच फुटते, मग झाली पंचाईत." रागाच्या विचाराचे नेमके असेच होते. जोरात मारला की आत फुटतो आणि दिवसभर कुसासारखा टोचत राहतो. त्याच्या जागी बारीकसे दुसरे काहीतरी, त्याच माणसाबद्दलची एखादी बरी आठवण, एक श्वास, हळूच सरकवत न्यायचे. हा पहिला उपाय. पुस्तिकेत सर्वांत जास्त पाने मी यालाच दिली आहेत.

मधल्या तीन उपायांबद्दल थोडक्यात. दुसरा: त्या विचाराचे दुष्परिणाम बघणे, नटण्यामुरडण्याची हौस असलेल्या तरुणाच्या गळ्यात कुणी मेलेला साप अडकवला तर त्याला जशी किळस येईल तसे. तिसरा: त्याच्याकडे पाहायचेच नाही, डोळे मिटावेत किंवा मान वळवावी तसे. चौथा मला विशेष आवडतो. माणूस भराभर चालत असतो, त्याला वाटते, मी इतका धावतो कशाला? म्हणून तो हळू चालतो. मग वाटते, चालतो तरी कशाला, उभा राहू. मग बसतो, मग आडवा होतो. विचारही असाच एकेक पायरी मंद करत न्यायचा. मेहुण्यावरचा राग एकदम शून्यावर येत नाही. तो आधी चालू लागतो, मग बसतो.

याहून सोपी सुरुवात हवी असेल तर श्वास मोजावा. 'विसुद्धिमग्गा'त याचे नियम अगदी व्यवहारी आहेत. पाचाच्या आत थांबू नये, दहाच्या पुढे जाऊ नये, मध्ये आकडा सोडू नये. पाचाच्या आत थांबले तर चित्त अरुंद गोठ्यात कोंडलेल्या गुरांसारखे धडपडते. दहाच्या पुढे गेले तर ते श्वास सोडून आकड्यालाच धरून बसते. सुरुवातीला धान्य मापणाऱ्यासारखे सावकाश मोजावे: माप भरले, "एक" म्हणून ओतले, पुन्हा भरताना काडीकचरा दिसला तो काढून टाकेपर्यंत "एक, एक" चालूच. आमच्या घरी खळ्यावरून भात आले की आजोबा पायलीने मापत. पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचे. मग 'दोन, दोन, दोन' असे म्हणत उजव्या हाताने वरचे सपाट करायचे आणि डाव्या हाताने खडा उडवायचा. त्यांच्याशी त्या वेळी कुणी बोलू लागले तर ते उत्तर देत नसत, पण चिडतही नसत. फक्त 'दोन, दोन' जरा मोठ्याने म्हणत. बुद्धघोष वाचताना मला आजोबांचा तो आवाज ऐकू आला. खडा दिसणे ही चूक नाही, मापणे त्यामुळे थांबत नाही. सराव झाला की गुराख्यासारखे झपाट्याने मोजावे. तो गोठ्याच्या आगळीवर बसून, बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाईला एकेक खडा टाकत मोजतो.

मग या पुस्तिकेला जिचे नाव दिले ती उपमा. संयुत्त निकायात बुद्ध सांगतो: एक साप, एक मगर, एक पक्षी, एक कुत्रा, एक कोल्हा आणि एक माकड असे सहा प्राणी दोऱ्यांनी एकमेकांना बांधून सोडले तर काय होईल? साप वारुळाकडे ओढेल, मगर पाण्याकडे, पक्षी आकाशाकडे, कुत्रा गावाकडे, कोल्हा स्मशानाकडे, माकड रानाकडे. थकल्यावर जो त्यांत बलवान असेल त्याच्यामागे बाकीचे फरफटत जातील. डोळे, कान, नाक, जीभ, शरीर आणि मन ही ती सहा जनावरे.

आमच्या भागातल्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. वारूळ म्हणजे आमची सातेरी देवी, देवळात गाभाऱ्यातच असते. कुंभारजुव्याच्या खाडीत मगरी आहेत आणि त्या काठच्या काही गावांत चिखलाची मगर करून पुजतात. माकडे तर आता नारळ ठेवीत नाहीत. डिचोलीच्या बैठकीत ही गोष्ट सांगितली तेव्हा एक मावशी लगेच म्हणाल्या, "माझी जीभ कुत्रा गो, वासाबरोबर गावात." सगळे हसले. पण तेवढ्यात त्यांनी आपले जनावर ओळखले होते.

या सहांना भक्कम खुंट्याला बांधले तर? तीही ओढाताण करतील. पण थकल्यावर त्या खुंट्यापाशीच उभी राहतील, बसतील, झोपतील. खुंटा म्हणजे शरीराचे भान: श्वास, पाठ, टेकलेले नितंब, मांडीवर ठेवलेले हात. लक्षात घ्या, बुद्धाने सापाला मारायला सांगितले नाही आणि मगरीला शाकाहारीही केले नाही. दोरी तुटत नाही तोवर जनावरांनी काय करायचे ते करावे.

भरकटण्याचे प्रकारही सगळे सारखे नसतात. कामच्छंद, व्यापाद, थीनमिद्ध, उद्धच्च-कुक्कुच्च आणि विचिकिच्छा, म्हणजे हाव, राग, सुस्ती, चुळबुळ-पस्तावा आणि शंका, या पाच नीवरणांना पाण्याच्या पाच भांड्यांची उपमा आहे: रंग मिसळलेले, उकळणारे, शेवाळलेले, वाऱ्याने हेलकावणारे आणि अंधारात ठेवलेले गढूळ पाणी. पाचांतही तोंड दिसत नाही, पण कारणे वेगळी. उकळणाऱ्या पाण्याखालचा जाळ काढावा लागतो. गढूळ पाणी नुसते ठेवावे लागते. खाणींच्या दिवसांत डिचोलीच्या ओहोळांतून लाल पाणी वाहायचे, ते घागरीत रात्रभर ठेवले की सकाळी तळाशी बोटभर लाल गाळ बसायचा. तेच पाणी ढवळून ढवळून कुणी स्वच्छ केले असते का?

एका शब्दाबद्दल सांगून थांबतो. सतिपट्ठान सुत्तात म्हटले आहे की चित्त विक्खित्त असेल तर ते विक्खित्त आहे हे जाणावे. विक्खित्त म्हणजे विखुरलेले. तोच शब्द संस्कृतातून मराठीत येऊन 'विक्षिप्त' झाला आणि आता आपण तो तऱ्हेवाईक माणसाला लावतो. पालीत त्याला असा टोमणा नाही. ती नुसती नोंद आहे. आज पाऊस आहे, आज चित्त विखुरलेले आहे. आमच्या बैठकीत "मन बसत नाही" हे वाक्य तक्रार म्हणून यायचे, ते अलीकडे काही जणांच्या तोंडून नोंद म्हणून येऊ लागले आहे. या पुस्तिकेमागे मिळवलेले असे काही असेल तर तेवढेच.

दोन सूचना. रात्र रात्र झोप नसेल, भीतीने छाती धडधडत असेल, जगण्यातला रस गेला असेल तर आधी डॉक्टरकडे जा. पुस्तिका नंतर वाचा, ती कुठे पळत नाही. आणि धर्म बदलावा लागेल का, असे हळूच विचारणाऱ्यांना सांगतो की श्वास मोजण्याने घरातले देव उठून जात नाहीत. आमच्या सोप्यावर बसणाऱ्यांत गणपतीची मूर्ती करणारे आहेत, चर्चच्या गायनवृंदात गाणारी एक आहे आणि दर १४ एप्रिलला निळा झेंडा घेऊन मिरवणुकीत चालणारे दोघे आहेत.

पुस्तिका सलग वाचू नका. पहिले प्रकरण वाचा आणि पंधरा दिवस दुसरे उघडू नका. उद्या सकाळी दहा मिनिटे बसा, पाचाच्या खाली नाही, दहाच्या वर नाही, एवढेच मोजा. पोदेराचा भोंगा वाजला तर ऐकू आला म्हणायचे आणि पुढचा आकडा घ्यायचा. पाव हवेच असतील तर सरळ उठा, पाव घ्या, परत येऊन बसा आणि पुन्हा एकपासून सुरू करा.